जाते, टकळी आणि दोरी : लहान मुलांना जुनी तंत्रे शिकवताना

यंत्रयुगाच्या आधीची साधने मुलांना शिकवायची म्हटली की बहुतेक वेळा चित्रांचा एक तक्ता भिंतीवर लागतो. हे जाते, हा चरखा, ही मोट, हे उखळ, अशी नावे मुले दोन दिवसांत पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात. याचा दोष मुलांच्या स्मरणशक्तीला देता येत नाही. जे साधन कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून आले हेच माहीत नाही, त्याचे नाव लक्षात ठेवण्याचे कारण मुलांना सापडत नाही. म्हणून पाच ते नऊ वर्षांच्या मुलांबरोबर काम करताना मी एक क्रम कटाक्षाने पाळते. आधी अडचण मुलांच्या हातात द्यायची, मग त्यांचे स्वतःचे उपाय करून पाहू द्यायचे, आणि ते उपाय अपुरे पडू लागले की मगच जुने साधन समोर ठेवायचे. नाव सर्वांत शेवटी येते. या क्रमाला वेळ लागतो, हे आधीच सांगितले पाहिजे. एका साधनाला एक आठवडा दिला तरी तो कमीच पडतो. त्यामुळे वर्षभरात दहा साधने उरकण्यापेक्षा तीन किंवा चार नीट करावीत.

दळण

सुरुवात दळणापासून करावी, कारण भाकरी आणि पोळी प्रत्येक मुलाच्या ताटात असते. प्रत्येक मुलाला मूठभर ज्वारी द्यावी आणि गिरणी किंवा मिक्सर न वापरता याचे पीठ करायचे आहे, एवढेच सांगावे. मुले प्रथम दाणे दातांनी फोडून पाहतात, मग दगड मागतात. दोन दगड दिले की दाणे चारी बाजूंना उडतात, थोडे फुटतात, बरेचसे हरवतात. या टप्प्यावर मोठ्यांनी मध्ये पडू नये. दाणा दगडाखाली धरून ठेवायचा कसा आणि फुटलेला दाणा पुन्हा पुन्हा रगडायचा कसा, या दोन अडचणी मुलांच्या तोंडून आपोआप बाहेर येतात, आणि दळणाचे सगळे तंत्र याच दोन अडचणींभोवती उभे आहे.

दुसऱ्या दिवशी पाटा-वरवंटा मांडावा. येथे दाणे उडत नाहीत, कारण वरवंट्याचा भार त्यांच्यावर सतत राहतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या शेतकऱ्यांची वस्ती मिळाली, आणि तेथील माणसेही धान्य अशाच प्रकारे, पाट्यासारख्या दगडावर दुसरा दगड मागेपुढे सरकवून रगडत होती. फिरणारे जाते त्यानंतर कित्येक शतकांनी आले. मुलांना हे सांगताना एक प्रश्न विचारावा: वरवंटा पुढे नेऊन मागे आणताना हात क्षणभर कोठे थांबतो? मुले करून पाहतात आणि सांगतात की दोन्ही टोकांना थांबतो. प्रत्येक फेरीत दोनदा थांबायचे आणि दोनदा पुन्हा जोर लावायचा. हे त्यांच्या मनगटाला कळले की जात्याचे महत्त्व समजावण्यासाठी फारसे बोलावे लागत नाही.

तिसऱ्या दिवशी जाते. ते गावाकडच्या घरी, एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवीत किंवा आठवडी बाजारात पाथरवटांकडे मिळू शकते. लग्नघरी हळद दळताना काही मुलांनी ते पाहिलेलेही असते. मोठे जाते मुलांना झेपत नाही. डाळी भरडण्याचे लहान जाते पुरेसे होते. ते गोणपाटावर किंवा जाड चादरीवर मांडावे. मांडताना वरची तळी उचलून बाजूला ठेवावी (हे काम मोठ्यांनीच करावे) आणि मुलांना दोन्ही तळ्यांच्या आतल्या बाजूंवरून बोटे फिरवू द्यावीत. खालच्या तळीच्या मधोमध एक मेख असते, तिच्यावर वरची तळी तोलली जाते. वरच्या तळीला मध्ये तोंड असते, त्यातून दाणे आत जातात, आणि कडेला लाकडी खुंटा असतो. दगडाच्या आतल्या अंगाला जे बारीक टोचे दिसतात ते पाथरवटाने छिन्नी-हातोडीने दिलेले असतात. यालाच जात्याला टाकी लावणे म्हणतात. दळून दळून दगड गुळगुळीत होतो, मग दाणा फुटण्याऐवजी नुसता चेपतो आणि जात्याला पुन्हा टाकी लावावी लागते. हे पटवण्यासाठी एक साधा प्रयोग आहे. ज्वारीचे चार दाणे गुळगुळीत फरशीवर आणि चार दाणे खडबडीत दगडावर ठेवून दोन्हीकडे सारख्याच दगडाने रगडायला सांगावे. फरक डोळ्यांना दिसतो, त्याआधी कानांना कळतो.

प्रथम ज्वारी नको, हरभऱ्याची किंवा मुगाची डाळ घ्यावी, कारण भरड लवकर दिसते आणि मुलांचा धीर सुटत नाही. एका मुलाने तोंडात थोडे थोडे दाणे वैरावेत, दोघांनी समोरासमोर बसून खुंटा फिरवावा. दाणे एकदम जास्त घातले तर भरड जाड पडते आणि जाते जड जाते. फारच कमी घातले तर दगडावर दगड घासतो. हा अंदाज मुलांना अर्ध्या तासात येतो, आणि तो सांगून देता येत नाही. वैरणाऱ्या मुलाने खुंटा फिरत असताना हात तळीच्या कडेवर ठेवू नये, एवढा नियम मात्र सुरुवातीलाच पक्का करावा. नुकतीच टाकी लावलेली असेल तर पहिले दळण दगडाच्या कणीसाठी वाया घालवावे. ते खाण्यात घेऊ नये.

आता घड्याळ बाहेर काढावे. वाटीभर ज्वारी दळायला किती वेळ लागला ते मुलांनी लिहावे, घरातील माणसांना एका दिवसाला किती वाट्या पीठ लागते ते आईला किंवा आजीला विचारून यावे, आणि मग गुणाकार करावा. उत्तर प्रत्येक गटाचे वेगळे येते, पण कोणत्याही गटाचे उत्तर लहान येत नाही. माझ्या वर्गातील सात वर्षांच्या एका मुलीने हा हिशेब पूर्ण करून विचारले, की मग त्या बायका झोपत कधी होत्या. तो प्रश्न हाच या धड्याचा गाभा आहे, आणि तो आपण विचारण्याऐवजी मुलांकडून यावा यासाठीच घड्याळ लावायचे. दळण पहाटे उठून करावे लागे, ते घरातील स्त्रियांनाच करावे लागे, आणि ते रोज करावे लागे. हे मुलांना सरळ शब्दांत सांगावे. जुन्या काळाचे कौतुक करण्याच्या भरात हे कष्ट गाळले तर आपण मुलांना अर्धेच सांगितले असे होते.

ओवी येथेच यावी, वेगळा तास घेऊन नव्हे. खुंटा फिरवताना दोन मुलांची लय जुळत नाही, तळी अडखळते, तेव्हा त्यांना कोणतेही संथ गाणे म्हणायला सांगावे; हात जुळतात. ओवी ही केवळ करमणूक नव्हती, ती कामाचा भाग होती आणि मनातले बोलायची जागाही होती, हे त्यानंतर सांगितले तर समजते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून अशा ओव्या लाखाच्या घरात गोळा केल्या आणि त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रणांतून आज ऐकायला मिळतात. पाच-सहा ओव्या ऐकवाव्यात, अर्थ थोडक्यात सांगावा. त्याआधी आजीला जात्यावरचे काही आठवते का, हे घरी विचारून यायला सांगावे. शहरातल्या मुलांच्याही घरी कोणाला तरी दोन ओळी येत असतात.

छत्रपती संभाजीनगरच्या जवळ राहणाऱ्यांनी मुलांना तेथील पाणचक्की अवश्य दाखवावी. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर दगड फिरवण्याची ही व्यवस्था सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची आहे. ज्या मुलांनी स्वतः खुंटा फिरवला आहे त्यांना तेथे पाहिल्याबरोबर कळते की दगड तेच आहेत, फक्त हाताच्या जागी पाणी आले आहे. ज्यांनी फिरवला नाही, ती कारंजे पाहून परत येतात.

पीळ

दळणानंतर दोरी घ्यावी, चरखा नव्हे. चरखा पाहायला सुंदर असतो, पण त्यात इतक्या हालचाली एकदम चाललेल्या असतात की लहान मुलाला सूत नेमके कशाने होते ते दिसत नाही. सूत पिळाने होते. कापसाचा एक झुबका मुलाला द्यावा आणि दोन बोटांनी ओढायला सांगावे. तो सहज तुटतो. मग तेवढाच कापूस पीळ देत देत ओढायला सांगावे. तो लांबतो आणि तुटत नाही. पीळ दिल्याने सुटे तंतू एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्यातले घर्षण वाढते आणि ते एकमेकांना सोडत नाहीत, हे स्पष्टीकरण आठ-नऊ वर्षांच्या मुलांना झेपते. लहानांना ‘तंतू एकमेकांना मिठी मारतात’ एवढे पुरते. ज्या घरी आजी देवासाठी वाती वळते त्या घरात हे तंत्र आजही रोज चालू आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावे. वात वळायला मुलांना आजीपाशीच बसवले तर फार बरे.

दोरी वळण्यासाठी अंबाडीचा वाख किंवा घायपाताचे तंतू मिळाले तर उत्तम, नाही तर जुन्या सुती साडीच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या चालतात. दीडेक मीटरची पट्टी घेऊन दोन मुलांनी तिची दोन टोके धरावीत, ती ताठ ठेवावी आणि दोघांनी विरुद्ध दिशांना पीळ देत जावे. पीळ पुरेसा झाला की पट्टी मध्येच गाठी घालू लागते. तेवढ्यात तिसऱ्या मुलाने मधोमध बोट अडकवून धरावे आणि दोन्ही टोके एकत्र आणावीत. बोट सोडले की दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती उलट दिशेने गुंडाळले जातात आणि दोरी तयार होते. हे पाहताना मुलांच्या चेहऱ्यावर जे येते ते मला दरवेळी नवे वाटते. पट्टीला उलगडायचे असते, पण दोन पदर एकमेकांना उलगडू देत नाहीत; एकाचा पीळ दुसऱ्याला धरून ठेवतो. बैलांचे दावे, मोटेचा नाडा, खाटेची सुतळी, नारळाच्या काथ्याचा सुंभ ही सगळी याच एका युक्तीवर उभी आहेत. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मुलांनी ऐकलेली असते. मोठ्यांच्या देखरेखीखाली सुंभाचा बोटभर तुकडा थाळीत जाळून दाखवावा. राखेतही पिळाचा आकार दिसतो, आणि म्हण कोठून आली ते विचारायची गरज उरत नाही.

त्यानंतर हाताने सूत कातायची टकळी. बांबूची बारीक, गुळगुळीत काडी आणि तिच्या खालच्या भागात घट्ट बसवलेली मातीची किंवा जाड पुठ्ठ्याची चकती, एवढ्यावर ती तयार होते. चकतीचे काम वजन देऊन फिरणे टिकवून धरण्याचे असते. भोवऱ्याचे उदाहरण मुलांना पटकन कळते. भाजलेल्या मातीच्या अशा चकत्या सिंधू संस्कृतीच्या स्थळांवरही सापडल्या आहेत, म्हणजे हे साधन किमान साडेचार हजार वर्षे वापरात आहे. एक व्यावहारिक सूचना येथे महत्त्वाची वाटते. कापसाचा तंतू आखूड असतो आणि टकळी अधांतरी लोंबती ठेवली की तिच्या वजनाने नवख्याचे सूत सतत तुटते. म्हणून टकळीचे टोक वाटीत टेकवून फिरवावे, म्हणजे भार सुतावर येत नाही. अगदी लहान मुलांना आधी मेंढीची लोकर द्यावी. तिचा तंतू लांब असतो आणि चुका सांभाळून घेतो. कापसापासून सुरुवात करायचीच असेल तर बोंडापासून करावी: बोंड फोडणे, हाताने सरकी वेगळी करणे, कापूस मोकळा पिंजणे, त्याचा पेळू म्हणजे कातण्यासाठी वळलेली लांबट गुंडाळी करणे आणि मग कातणे. एका बोंडातील सरकी काढायला किती वेळ लागतो याचा अनुभव विदर्भाबाहेरच्या मुलांना सहसा नसतो.

पहिले सूत जाडबारीक, गाठाळ निघते. ते फेकू नये. मुलाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवावे आणि महिन्यानंतरच्या सुताशेजारी मांडावे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण देण्याची कल्पना मांडली आणि पुढे नई तालीमच्या शाळांतून टकळी हे रोजच्या अभ्यासाचे साधन झाले. सुताच्या तारा मोजणे, लांबी मापणे, वजन करणे यांतून गणित शिकवले जाई. ही पद्धत आजही वापरण्याजोगी आहे, मात्र मुलांना सूत किती निघाले यावरून शाबासकी देऊ नये. तसे केले की मुले घाईने पीळ सैल सोडतात.

विणकाम यानंतर सोपे जाते. पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा पाडून उभे धागे ताणावेत आणि आडवा धागा एक वर, एक खाली असा ओवावा. उभा तो ताणा आणि आडवा तो बाणा. पाच-सहा ओळींनंतर मुले स्वतःच विचारतात की एक सोडून एक धागा एकदम उचलता आला तर किती बरे होईल. माग याच इच्छेतून तयार झाला. पैठणीचा माग पाहण्यासाठी येवल्याला किंवा पैठणला जाता आले तर हा प्रश्न विचारून झाल्यावर जावे. घोंगडीचा तुकडा मिळाल्यास तोही हाताळू द्यावा. तिला चिंचोक्यांची खळ देतात हे ऐकून मुलांना आश्चर्य वाटते, कारण चिंचोके त्यांच्या लेखी खेळायचे असतात.

माती

मातीकामाविषयी एकच गोष्ट सांगते, कारण माती हातात दिली की पुढचे मुले पाहून घेतात. चिकणमातीची एक गोळी उन्हात चार दिवस वाळवावी आणि फुटक्या पणतीचा एक तुकडा घ्यावा. दोन्ही दिसायला सारखेच कठीण असतात. दोन्ही पाण्याच्या वाट्यांत टाकावेत. थोड्याच वेळात गोळी विरघळून गाळ होते, पणतीचा तुकडा तसाच राहतो. वाळवणे आणि भाजणे यांतला फरक असा की पहिल्यात मातीत मिसळलेले पाणी जाते, दुसऱ्यात मातीच बदलते आणि ती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. कुंभाराचा आवा त्यासाठी पेटतो. कुंभाराकडे मुलांना नेले तर ती चाकाकडेच पाहत राहतात. त्यांना आव्याकडे वळवावे.

कारागिरांविषयी बोलताना

गावगाड्यातील बलुतेदारांची यादी शाळेत पाठ करून घेतात. ती शिकवायची असेल तर पूर्ण शिकवावी. कुंभाराचा मुलगा कुंभारच व्हायचा, त्याने काय करायचे हे त्याच्या जन्मावरून ठरत असे, कामाचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने बलुते म्हणून मिळे, आणि ज्यांच्या वाट्याला सर्वांत कष्टाचे व घाणीचे काम आले त्यांना गावाबाहेर राहावे लागे. सात वर्षांचे मूल न्याय-अन्याय नीट ओळखते; त्याला हे सांगताना आवाज कमी करण्याचे कारण नाही. कौशल्याचा आदर आणि त्या कौशल्याला जातीशी जखडणाऱ्या व्यवस्थेचा निषेध, दोन्ही एकाच तासात होऊ शकतात. वर्गात एखाद्या मुलाच्या आडनावावरून त्याचा परंपरागत व्यवसाय मात्र कधीही विचारू नये.

संग्रहालय आणि भेट

संग्रहालय हे सुरुवातीला नव्हे, शेवटी असावे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात दिवे, अडकित्ते आणि स्वयंपाकघरातील भांडी यांचा मोठा संग्रह आहे. तेथे मुलांना सगळी दालने फिरवण्याऐवजी एकाच वस्तूसमोर कागद-पेन्सिल देऊन बसवावे आणि तिच्यात हात कोठे धरला जात असेल ते काढायला सांगावे. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठात गावगाड्यातील कामे माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभी केली आहेत; लहान मुलांना ती आवडतात, आणि पुतळ्याची बैठक आपल्या दळणाच्या बैठकीशी जुळते का हे ती आपणहून तपासतात. वर्ध्याचे मगन संग्रहालय १९३८ मध्ये सुरू झाले. चरखे आणि ग्रामोद्योगाची साधने पाहायची असतील तर त्याहून योग्य जागा मला माहीत नाही.

कारागिराला वर्गात बोलावताना त्याच्या दिवसाच्या मजुरीइतके मानधन आणि प्रवासखर्च आधी ठरवावा व तो त्याच दिवशी द्यावा. ‘मुलांसाठी थोडे करून दाखवा’ असे म्हणून फुकट बोलावू नये. मुलांनी त्याला काका, मावशी किंवा आजोबा म्हणून हाक मारावी आणि प्रत्येकाने एकच प्रश्न तयार करून आणावा. ‘हे तुम्ही कोणाकडून शिकलात’ हा प्रश्न कोणीतरी विचारेल असे पाहावे, आणि त्याचे उत्तर संपेपर्यंत तासाची घंटा वाजू देऊ नये. त्याने केलेली वस्तू वर्गासाठी विकत घ्यावी, काचेच्या कपाटात न ठेवता वापरात ठेवावी, आणि ती फुटली किंवा झिजली की दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच्याकडेच न्यावी, मुलांना बरोबर घेऊन.